राबाचा धूर आणि माझी दोन मिनिटं

माझ्या विमानाला रिमोट नसतो. हे आधीच सांगून टाकते, कारण किन्हवलीच्या बाजारापासून शहापूरच्या कचेरीपर्यंत ज्याला कळतं तो पहिलं हेच विचारतो. रिमोट नाही, इंजिन नाही, बॅटरी नाही. बांबूच्या कामट्या, बाल्सा नावाचं भेंडासारखं हलकं लाकूड, त्यावर पतंगाहून पातळ कागद आणि पोटात रबर. रबराला पीळ द्यायचा, पंखा धरून ठेवायचा आणि सोडायचं. हातातून सुटलं की त्याच्यावर आपली काही सत्ता नाही. दोन मिनिटं ते हवेत राहिलं पाहिजे. मग शेपटी आपोआप उचलली जाते आणि ते अलगद खाली बसतं, नाहीतर घारींबरोबर माळशेजला जाऊन पोचेल. अशा तीन फेऱ्या आणि शेवटी सगळ्यांची बेरीज. एवढाच खेळ.

दुसरा प्रश्न असतो, बाईमाणसाला हे कशाला. त्याचं उत्तर मी देत नाही.

मी शिवणकाम करते, ओटीवरच मशीन आहे. काही वर्षांपूर्वी, भातं कापून झाली की आमच्या रिकाम्या शेतांत कल्याणचे एक निवृत्त फिटर विमानं उडवायला यायचे. एकदा त्यांचं विमान आमच्या पेंढ्याच्या गंजीत घुसलं आणि पंखाचा कागद फाटला. मी तो पेजेने चिकटवून दिला. त्यांनी पंख उजेडात धरून जोड शोधला, सापडला नाही. "पुढचं तुम्हीच बनवा," म्हणाले. बनवलं. पहिलं सरळ बांधावर आपटलं, दुसरं आंब्यात अडकलं, तिसऱ्याने सव्वा मिनिट काढलं आणि मी कामाची बाई राहिले नाही, असं घरात सगळ्यांचं मत पडलं.

पहिल्या स्पर्धेत एका पंचाने विचारलं, "कोणाचं विमान धरून उभ्या आहात, ताई?" मी म्हटलं, माझं. "बनवलं कोणी?" मी. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, जणू आत कुठेतरी माझा नवरा लपलाय. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. पहिला नंबर. उगाच नम्रपणा करत नाही, मला तो हवाच होता.

आणि मग एका मार्चमध्ये स्पर्धा आमच्याच गावच्या शेतांत ठरली. फिटरकाकांनी जागा सुचवली होती. मुंबई, पुणे, नाशिकची माणसं येणार होती. मी खूश होते, आणि मग माझ्या लक्षात आलं की हे राबाचे दिवस आहेत.

राब म्हणजे पेरणीआधी भाजलेली जमीन. जिथे भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर शेण, पाला, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. आग वाऱ्याच्या उलट सरकत गेली तर हळूहळू जाते आणि जमीन नीट भाजते, म्हणून वारा बघून पेटवतात. जंगलातून पाल्याचे भारे मी डोक्यावरून आणते. शेण मी पसरते. पुढे आवणीला, म्हणजे लावणीच्या वेळी, रोपंही मीच उपटते. पाला माझा, शेण माझं, वाकलेली पाठ माझी. काडी तेवढी मामांची.

मामा म्हणजे माझे सासरे. राब कधी भाजायचा हे ते ठरवतात, आणि ठरवल्यावरही सांगत नाहीत. सकाळी उठून काडेपेटी घेऊन चालू लागतात.

आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "मामा, उद्याचा एक दिवस राब राहू दे. बाहेरची माणसं येणारेत, धुराचा त्रास होईल."

"राब काय तुझ्या इमानाला इचारून भाजायचा?" ते म्हणाले, आणि विषय संपला.

मशीनवर बसून मी वर्षानुवर्षं राबाचे धूर बघत आलेय. समोर शेतंच आहेत, दुसरं बघायला आहे काय. एवढं मला कळलंय की जवळून गरम हवा वर चढत असेल तर आजूबाजूची हवा तिच्याकडे ओढली जाते, आणि आडवा पडलेला धूरही हळूच तिकडे वळतो. आम्हा विमानवाल्यांचं सगळं त्याच्यावर आहे. चढणारी हवा गाठली तर दोन मिनिटं सहज मिळतात. ती गाठायला शहरातली माणसं काठ्यांवर रिबिनी बांधतात, साबणाचे फुगे सोडतात. मी धूर बघते.

पहिल्या दोन फेऱ्यांत मला पूर्ण दोन-दोन मिनिटं मिळाली. पुण्याच्या एका गृहस्थांनाही मिळाली. बाकी सगळे थोडे थोडे मागे होते. तिसरी फेरी सुरू झाली आणि दोन शेतं पलीकडे मामांनी राब पेटवला.

मला संताप आला. पण संतापून काय करणार, रबराला पीळ दिलेला होता. विमान धरून मी उभी राहिले. धूर पश्चिमेला लोळत होता. बराच वेळ तसाच लोळला. फिटरकाका म्हणाले, रबर थकेल, सोडा आता. मी सोडलं नाही. मग धुराचं टोक थबकलं आणि डावीकडे, ओढ्याच्या बाजूला कललं. मी त्या बाजूला सोडलं. विमान चढलं, चढत राहिलं, पंखा थांबल्यावरही घिरट्या घालत वर गेलं. घड्याळवाल्याने दोन मिनिटं पूर्ण झाल्याचं ओरडून सांगितलं.

पुण्याच्या गृहस्थांनी हरकत घेतली. स्पर्धकाने किंवा त्याच्या माणसांनी हवा तापवायची नाही, असा नियम होता. "आग यांच्या घरच्यांनी लावली," ते म्हणाले, "आणि बरोबर यांच्या पाळीला." बोलणं चुकीचं नव्हतं. त्यांच्या जागी मीही बोलले असते. विमान राबावरून नाही, ओढ्यावरून चढलं, हे मी सांगितलं. पण हवा दाखवणार कशी?

मुख्य पंचांनी मामांना बोलावलं. ते बांधावरून काठी टेकत आले, तोंडावर राख, डोळे लाल. पंचांनी विचारलं, सूनबाईंनी सांगितलं होतं का पेटवायला?

मामा हसले. "हिला कोन इचारतो? उलट ही काल नको म्हनत होती. राबाचा दीस मी ठरवतो. आमच्या घरात हिला कोन काय इचारत नाय."

सगळे हसले. पुण्याचे गृहस्थही हसले आणि हरकत मागे घेतो म्हणाले. पंचांना हायसं वाटलं. "झालं तर मग," त्यांनी पेन काढलं. "उड्डाण मोजलं."

मला पहिला नंबर समोर दिसत होता. दोन फेऱ्यांअखेर माझी आणि पुणेकरांची बरोबरी होती, पण त्यांची तिसरी फेरी बाकी होती आणि चढणारी हवा आता कमी व्हायला लागली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, गप्प बसायची सवय नव्हती असं नाही.

"थांबा," मी म्हटलं. "माझं उड्डाण खोडा."

पंचांना वाटलं त्यांनी काहीतरी चुकीचं ऐकलं. फिटरकाकांनी माझा दंड धरला. "अहो, मोजलंय ना."

"कशावरून मोजलंय ते ऐकलंत ना? घरात मला कोणी विचारत नाही, यावरून. विमान मी बनवलं, हवा मी ओळखली, आणि वहीत जाणार काय, तर हिचं घरात काही चालत नाही म्हणून हिला दोन मिनिटं. असली दोन मिनिटं मला नकोत." माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. "पुन्हा उडवते. जागा तुम्ही सांगा, वेळ तुम्ही सांगा."

हसणं थांबलं होतं. मामा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पंचांनी थोडा विचार करून ओढ्यापलीकडचं शेत दाखवलं, जिथून धूर दिसतही नव्हता. आणि वेळ, आत्ता.

मी नवं रबर घातलं, पीळ दिला, आणि पंचांनी हात खाली केल्याबरोबर सोडलं. हवेत काही नव्हतं, ते मला सोडतानाच कळलं. विमान सुरेख चढलं, पंखा थांबला आणि ते तरंगत, कुठेही वर न उचललं जाता, हळूहळू उतरायला लागलं. त्याच्यात माझी चूक एकही नव्हती. त्याचा प्रत्येक जोड मला पाठ होता. अकरा सेकंद बाकी असताना ते वालाच्या शेतात बसलं.

पुणेकर पहिले आले. तिसरा नंबर मला. बक्षिसं वाटून झाल्यावर पुणेकर जवळ येऊन म्हणाले, "तुम्ही उगाच केलंत." मी म्हटलं, उगाच नाही.

घरी येताना मामा पुढे, मी मागे. ते न वळता म्हणाले, "मोजत व्हते तर मोजू द्यायचा व्हता गो."

"तुमच्या त्या बोलण्यावर नको होतं," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. अकरा सेकंदांसाठीच, दुसऱ्या कशासाठी नाही.

पुढच्या वर्षी पाल्याचे दिवस आले तेव्हा मी कोयता उचलला नाही. सकाळचं आवरून मशीनवर बसले. मामा अंगणात येऊन उभे राहिले. "भारे आनायला नाय जायाचा?"

"ज्याचा दिवस त्याचा पाला," मी म्हटलं आणि ब्लाउजची बाही लावायला घेतली.

घरात बरंच बोलणं झालं. नवऱ्याने समजावलं, शेजारणीने सुनावलं, सापगावहून नणंद मुद्दाम येऊन गेली. मी सगळ्यांना चहा दिला आणि कोयता भिंतीलाच राहिला. मामा स्वतः जंगलात गेले. चार दिवसांत कंबर धरून बसले, पाचव्या दिवशी पुन्हा गेले. हट्टी माणूस. मला त्यांचा राग होता तरी ते भारा घेऊन उतारावरून येताना दिसले की मशीन थांबायचं. थांबायचं, पण मी उठायचे नाही. अर्धा राब झाकला गेला, अर्धा उघडाच राहिला.

मग चैत्रातल्या एका सकाळी ते काडेपेटी हातात घेऊन बाहेर आले, आणि नेहमीसारखे चालू लागले नाहीत. ओटीपाशी थांबले. माझ्याकडे नाही, समोरच्या शेताकडे बघत म्हणाले, "वारा बघ गो. पेटवू काय?"

मी मशीन थांबवलं, अंगणात जाऊन उभी राहिले. शेजारच्या राबाचा धूर बघितला, आंब्याची पानं बघितली, घाई केली नाही. वारा मंद आणि एका बाजूचा होता. राबाला याहून चांगली सकाळ मिळाली नसती.

"आज नको," मी म्हटलं.

त्यांनी क्षणभर आंब्याच्या पानांकडे बघितलं. मग काडेपेटी खिशात ठेवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.