नानांचा नियम नंबर एक

मला धुळ्याला पाठवताना आमच्या जळगावच्या कॉम्प्युटर दुकानाचे साहेब दोनच वाक्यं बोलले. "फायरवॉल बसव. गिऱ्हाईक खूश झालं तर तू नोकरीत पक्का, नाहीतर पहूरची बस धर." साहेब नाकातून बोलतात, म्हणून 'पक्का'सुद्धा सर्दी झाल्यासारखं ऐकू आलं. दुकानात मी त्यांची नक्कल मस्त करायचो, पण त्या दिवशी सरळ बॅग भरली. पहूरला घरी सगळ्यांना मी आधीच पक्का म्हणून सांगून बसलो होतो.

गिऱ्हाईक म्हणजे दोन भावांची कापसाची जिनिंग, सरकी काढायचा कारखाना. मोठे नाना, धाकटे भाऊ. कामगारांनी दिवसभर रील बघून नेट तुंबवू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

फायरवॉल म्हणजे नेटच्या दारावरचा रखवालदार; तिचं नॅट, म्हणजे पत्ते बदलायचं काम, त्यांना पटकन कळलं. म्हटलं, "नाना, आत कितीही कॉम्प्युटर असू द्या, बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो. उत्तर आलं की ज्याचं त्याला फायरवॉल वाटून देते."

"म्हंजे आम्हनं घर," नाना म्हणाले. "कोन्ही काही करो, गाव मन्हंच नाव लेस."

पुढचंही कळलं. आतल्याने बोलावलं त्याचंच उत्तर आत येणार, न बोलावलेला दारातून परत. त्यावर धाकटे भाऊ हळूच म्हणाले, "असं मशीन घरना दारले बसाडता ई का? सासरवाडीना लोके येतस."

मी नियम लिहिले. वर कामगारांच्या व्हिडिओला बंदी, मग कॅमेऱ्यांचा नियम, आणि सगळ्यात खाली 'आतल्या सगळ्यांना बाहेर जाऊ द्या' हा मोठा नियम. कारखान्यात सगळंच नानांच्या नावावर, म्हणून त्या मोठ्या नियमाला मी मानानं नाव दिलं 'नाना'. नानांनी चष्मा चढवला आणि स्क्रीनवर तळाच्या ओळीला बोट टेकवलं.

"मन्हं नाव बठ्ठास्ना खाले काब्र?"

"नाना, फायरवॉल वरून खाली वाचते. पहिला लागू पडला की पुढचे बघतच नाही."

"मंग? लगननी पत्रिकाबी वरथीनच वाचतस. तठे कोनं नाव पहिले ऱ्हास?"

आमच्याकडे पत्रिकेत एखाद्या काकाचं नाव चुकून खाली छापलं तर तो मांडवात येतो, पण जेवत नाही. मी परत समजावलं. नानांनी माझ्या साहेबांनाच फोन लावला. साहेब नाकातून म्हणाले, "अरे, कर ना वर!" मी केलं वर आणि जळगावला परतलो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना परवानगी पहिल्या नंबरला आणि बंदी तिच्या पायाशी बेवारस पडलेली. कामगारांची दिवाळी झाली. नाना गुजरातच्या व्यापाऱ्याला व्हिडिओवर कापसाच्या गाठी दाखवत होते, तेवढ्यात नेट अडकलं. व्यापाऱ्याला गाठी दिसल्याच नाहीत. दिसलं ते नानांचं उघडं तोंड, स्थिर, आतल्या सोन्याच्या दातासकट.

"तुन्हं मशीन खराब शे," नाना फोनवर ओरडले. मागोमाग साहेबांचा फोन आला. "बस किती वाजता आहे रे पहूरची?" काल 'कर ना वर' कोण म्हणालं होतं, हे त्यांच्या नाकाला आठवत नव्हतं.

परत धुळ्याला पोचलो. मोठा नियम गुपचूप तळाला नेला आणि त्याचं नाव बदलून 'सगळे' केलं. तरी रील चालूच! चालू झालेली जोडणी फायरवॉल लक्षात ठेवते, नियम बदलला तरी तोडत नाही. पंगतीला बसलेला पाहुणा यजमानाचं मन बदललं म्हणून उठत नाही, तसंच. मी त्या सगळ्या जोडण्या हाताने तोडल्या. जिनिंगमधून एकदम "अरे!" असा आवाज आला. कामगारांच्या माना पहिल्यांदाच वर झाल्या.

आता राहिले नाना. मी एक नवीन नियम बनवला. कारखान्यात नसलेल्या कॉम्प्युटरपासून कुठेच नसलेल्या पत्त्यापर्यंत, सर्व परवानगी. नाव 'नाना'. नंबर एक.

नानांनी बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. व्यापाऱ्याला फोन लावला, गाठी दिसल्या. "आते कशे बरोबर चालनं!" ते धाकट्या भावाला म्हणाले. "मी वर बसनू तव्हय चालनं."

तिथूनच त्यांनी साहेबांना फोन करून सांगितलं, पोरगा हुशार शे. साहेब नाकातून म्हणाले, "पक्का."

मी बॅग उचलली, तर नानांचं बोट परत स्क्रीनवर. किती जोडण्या कोणत्या नियमातून गेल्या, ते आकडे शेजारी दिसतात. खालच्या नियमांचे धावत होते.

"मन्हासमोर शून्य काब्र?"

धाकटे भाऊ खिडकीकडे तोंड करून खोकायला लागले.

"नाना," मी म्हटलं, "तुमच्यासमोरून जायची कोणाची हिंमतच होत नाही."

नाना खुर्चीत मागे रेलले. "ऱ्हाऊ दे मंग," म्हणाले, "तसंच ऱ्हाऊ दे."