एकादशीचे काळे झगे

ग्रीक शोकांतिका शिकवण्यात माझी हयात गेली. जयलक्ष्मीपुरमच्या कॉलेजात दर वर्षी मी ठणकावून सांगायची, की इथे खलनायक शोधू नका. दोन्ही बाजू खऱ्या असतात, माया दोघांनाही असते, आणि नियतीला तेवढं पुरतं. मुलं वहीत उतरवून घेत. मलाही आपण फार शहाण्या आहोत असं वाटे.

आमचं घर शिंप्याचं, विठ्ठलभक्तांचं. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहून बोलण्यात निम्मं कन्नड शिरलं, पण एकादशीला कात्री धरायची नाही हा नियम तसाच राहिला. त्या दिवशी मशीन झाकून ठेवायचं, दुकान बंद, सगळे देवळात भजनाला. धाकटा भाऊ तिथे मृदंग वाजवायचा.

एका वर्षी मी कॉलेजात अशीच एक शोकांतिका बसवली. कोरसमधल्या बारा मुलींना काळे पायघोळ झगे हवे होते. प्रयोग द्वादशीला, आणि मला जाग आली दशमीला. अप्पांच्या मागे लागले. आधी ते नाहीच म्हणाले. मग मी रुसले, एवढी घोडी होऊन. विठोबाला काय दुसरी कामं नाहीत का, असंही बोलले. एकादशीला सकाळी आई देवळात गेल्यावर अप्पांनी मशीन उघडलं. बारा झगे एकट्याने होईनात, म्हणून सहा कापून नंजनगूडच्या आमच्या जुन्या कारागिराकडे पाठवायचे ठरले. भाऊ गठ्ठा घेऊन मोटरसायकलवर निघाला. वाटेत लॉरीने त्याला उडवलं. जागीच गेला.

आईने अप्पांना एकच विचारलं, कुणासाठी शिवायला बसला होतात. मी शेजारीच उभी होते. अप्पा म्हणाले, लग्नाची ऑर्डर होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि मी मूग गिळून गप्प बसले.

त्यानंतर आई त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, औषध हातावर ठेवायची, शब्द मात्र नाही. अकरा वर्षं. माझ्याशी तिचं वागणं तेवढंच मायेचं राहिलं, आणि तेच मला सहन व्हायचं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत राहिले. सांगितलं तर आईसुद्धा दुरावेल ही भीती. भ्याडपणा होता, दुसरं काही नाही. गेल्या वर्षी अप्पा तो अबोला घेऊनच गेले.

यंदा थंडीत आई पावट्यासारख्या अवरेच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मला गोत्तु होतं गं," ती म्हणाली. "पोलिसांनी गठ्ठा परत आणला तेव्हाच कळलं. लग्नाला काळं कोण शिवतं? आणि तुझं नाटक तर दुसऱ्याच दिवशी होतं."

मग अप्पांना का छळलंस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"कुणावर तरी राग धरायला पाहिजे होता, नाहीतर मी वेडी झाले असते. तुझ्यावर धरला असता तर मुलगी पण गेली असती. म्हणून त्यांच्यावर धरला."

"आणि त्यांना वाटत राहिलं, की तुला काही माहीत नाही."

"मला गोत्तु आहे, हे त्यांना पण गोत्तु होतं," आई म्हणाली.

मला तिचा राग आला, भयंकर राग आला, आणि तरी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. शेंगांनी चिकट झालेला हात तिने तसाच माझ्या केसांवरून फिरवला.