कॉम्प्युटरच्या बाई

पहिलीचा वर्ग मी स्वतःहून सोडला. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे काही मी मनाला लावून घेतलं त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नव्हता.

अहमदपूरच्या एका प्राथमिक शाळेत मी एकोणीस वर्षं पहिली शिकवली. जूनमध्ये पन्नासएक मुलं रडत यायची आणि मार्चपर्यंत वाचायला लागायची. काम एवढंच, पण त्यात काय काय यायचं! कोणाची नाडी बांधायची, कोणाचं नाक पुसायचं. पडलेला दात कागदात गुंडाळून आईच्या आधी मला दाखवायला आणायचे. खिचडी खाऊन आलेले हात माझ्याच साडीला पुसले जायचे. घरी गेले की नवरा साडीकडे बघून म्हणायचा, "आज वटाण्याची होती वाटतं खिचडी."

त्या वर्षी पावसाळा संपता संपता माझा घसा बसला तो उघडेचना. लातूरच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. म्हणाले, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. बारीक आहेत, पण ओरडणं बंद करावं लागेल."

"मी ओरडत नाही हो, शिकवते."

"पन्नास मुलांना? मग तेच ते."

नेमके त्याच महिन्यात शाळेत कॉम्प्युटर आले. पुण्यात चांगल्या नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं दहा पाठवले होते. वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली रिकामी करून ते मांडले. मुख्याध्यापक सरांनी मला ऑफिसात बोलावलं.

"बाई, कोरोनात मोबाईलवर धडे करून तुम्हीच पाठवत होतात. दुसऱ्या कोणाला जमतंय? तिसरीपासून सातवीपर्यंत, हप्त्यातून प्रत्येक वर्गाला एक तास. घशालाही आराम पडंल."

"आणि पहिली?"

"पहिली नव्या बाई घेतील."

मी हो म्हणाले. एक दिवस विचार करायला मागता आला असता. नाही मागितला.

वर्गात त्या वर्षी एक मुलगी होती. तिचे आईवडील देगलूरकडून आलेले, वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात हमालीला. घरात तेलुगू. जूनपासून ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला फक्त हात वर करायची. मी फळ्याकडे गेले की मागोमाग यायची, पदराचं टोक मुठीत धरायची आणि मी वळले की तीही वळायची. पाटीवर मात्र अक्षरं इतकी नेटकी काढायची की मी बाकीच्यांना दाखवायची. तिची आई एकदा शाळेत आली होती. मी विचारलं, "घरीसुद्धा बोलत नाही का ही?" तर ती हसायलाच लागली. "घरी? लई बोलती बाई. चूप बस म्हनावं लागतंय."

मला घाई नव्हती. अशी मुलं मी पाहिली होती. ती आतल्या आत सगळं जमवत असतात आणि एके दिवशी एकदम बोलतात. तो दिवस आता जवळ आलाय, असं मला वाटत होतं. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वर गेले.

सुट्टीत पाच दिवस विष्णुपुरीला एका कॉलेजात प्रशिक्षण झालं. रोज सकाळच्या एसटीनं नांदेड, तिथून ऑटो. शिकवायला माझ्या भाचीच्या वयाची मुलगी होती. माझा हात माऊसवर अडला की ती वाकून म्हणायची, "मॅडम, दाबा बिनधास्त. काही बिघडत नाही." पहिल्या दिवशी मला घरी निघून यावंसं वाटलं. चौथ्या दिवशी मी स्वतःचं नाव मराठीत टाइप केलं आणि कोणाला तरी दाखवावं म्हणून इकडंतिकडं बघितलं.

वरचं काम वाईट नव्हतं, हे खरं सांगते. मुलं चपला दाराबाहेर काढून आत यायची आणि एरवी दंगा करणारीही दबकत बसायची. बोलावं कमी लागायचं. पण हप्त्यातून एकदा, एका कॉम्प्युटरवर पाच जण, त्यात लाईट गेली की तास संपला. नावंसुद्धा पाठ होईनात. पूर्वी मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना सांगायची, "त्या आमच्या बाई." आता मी सगळ्या शाळेसाठी कॉम्प्युटरच्या बाई झाले होते. कोणीही दात दाखवायला जिना चढून येत नव्हतं.

म्हणून मीच खाली जायची. कधी खडूची पेटी मागायला, कधी उगाच. मी दारात दिसले की पहिलीची मुलं "बाई आल्या, बाई आल्या" करून उठायची, दोघंतिघं पळत येऊन बिलगायची. ती मुलगी जागेवरूनच बघायची. मला बरं वाटायचं. असं पंधरा-वीस दिवस चाललं असेल.

एकदा शाळा सुटल्यावर नव्या बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. चोविशीतली पोर, आवाज अजून कोवळा. पर्सचा पट्टा नीट करत म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही येऊन गेलात की पुढचा अर्धा तास पोरं माझं ऐकत न्हाईत. मला बाई म्हणायला तयार न्हाईत ती. तुम्ही रोज आलात तर हा वर्ग माझा कधी व्हायचा?"

"बरं," मी म्हणाले. घरी जाताना रस्ताभर मला तिचा राग आला, आणि घर येईपर्यंत कळलं की ती बरोबर बोलली होती. दुसऱ्या दिवसापासून मी खाली जाणं बंद केलं. वर जायला मागचा जिना होता, तो धरला. म्हणजे पहिलीवरून जावं लागायचं नाही.

संक्रांतीच्या सुमारास स्टाफरूममध्ये चहा चालू होता. नव्या बाई धावतच आत आल्या. "मॅडम, ती बोलली! अख्खं पान वाचलं. 'आजी आली, आजीने बोरं आणली,' सगळं. मोठ्यानं! पोरांनी टाळ्या वाजवल्या."

"कोण?" मी विचारलं. मला माहीत होतं कोण.

सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. मग कप तसाच ठेवून वर गेले आणि सगळ्या कॉम्प्युटरचे स्क्रीन एकेक करून फडक्यानं पुसले. पुसलेलेच होते सकाळी. एका लेकरानं वाचलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्या वर दुसरंच काहीतरी होतं. तिचा आवाज कसा आहे हे मला माहीत नव्हतं, आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी वर्गात फुटला होता. इतकी वर्षं शाळेत काढून मी माझ्या निम्म्या वयाच्या पोरीवर जळत होते.

कॉम्प्युटर तिसरीपासून होता. पहिलीचा तो वर्ग माझ्याकडे यायला दीड वर्ष गेलं. मधे मी त्या मुलीला मैदानात बघायची, उंच होत चाललेली, पण जाऊन बोलले नाही. जूनमध्ये तिसरीचा पहिला तास होता, त्या सकाळी मी ठेवणीतली साडी नेसले. नवऱ्यानं विचारलं, "तपासणी आहे का?" मी हो म्हणाले.

मुलं आली, रांगेत बसली. त्यातल्या एकाही चेहऱ्यावर ओळख नव्हती. म्हणजे ओळखत होती, कॉम्प्युटरच्या बाई म्हणून. ती मुलगी खिडकीजवळ बसली आणि बसल्यापासून बोलत होती. आवाज जाडसर होता, मला वाटलं होतं बारीक असेल.

"बाई, ह्यात 'ण' कुठंय? बाई, हिनं माझी खुर्ची घेतली. बाई, लाईट गेली तर लिहिलेलं जातंय का?"

तास संपताना न राहवून मी तिला थांबवलं. म्हटलं, "पहिलीत तर तू एक शब्द बोलत नव्हतीस."

"मी?" ती हसली. "न्हाई बाई. मी लई बोलायचे. ती दुसरी कोणतरी आसंल."

"पहिलीला कोण होतं तुम्हाला शिकवायला?"

तिनं नव्या बाईंचं नाव सांगितलं.

"आणि त्यांच्या आधी?"

तिनं जरा आठवून बघितलं. "आधी बालवाडी," म्हणाली, आणि चपला शोधायला पळाली.

त्या दिवाळीत लातूरच्या डॉक्टरांनी परत तपासलं. गाठी गेल्या होत्या. मी सरांकडे गेले आणि पुढच्या जूनपासून पहिली मागितली. सर टेबलावरची काच पुसायला लागले. "बाई, मग कॉम्प्युटर कोण घेणार? आपल्याकडं दुसरं हायच कोण?" त्यांचंही खरं होतं. नव्या बाईंचा वर्ग आता छान चालत होता, तो काढून घ्यायला माझ्याच्यानं तोंड उघडवलं नसतं.

तर मी वरच आहे. यंदा शाळेच्या मागच्या बाजूला नवीन खोल्या झाल्या. जूनचा पहिला दिवस होता, खाली पहिलीची पोरं दाराला धरून रडत होती, एकाचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू. सर वर आले आणि कानावर हात ठेवून म्हणाले, "बाई, कॉम्प्युटर मागच्या खोलीत हलवू. हितं लई आवाज येतोय."

"येऊ द्या," मी म्हणाले. "इथंच राहू द्या."