बांधावरची निर्गुडी

"याले पानी नको देऊ, खत नको देऊ, फक्त तोडू नको." बांधावरच्या निर्गुडीकडे बोट दाखवून आई हे म्हणाली, तेव्हा मी शाळेत होते.

आज दिग्रसजवळच्या आमच्या शेतात त्याच झुडपावरून दादा आणि त्याची मुलगी भांडले. गेल्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला. अळीला लपायला जागा नको, म्हणून दादा उद्या सगळा बांध साफ करणार आहे.

भाची औषधशास्त्र शिकते. ती म्हणाली, "बाबा, चीनच्या जुन्या औषधांतही निर्गुडी आहे. तिच्यातले घटक सूज कमी करतात, असं प्रयोगशाळेत दिसून राह्यलं. माणसांवर अजून खूप तपासायचं आहे."

"मंग उपटून चीनले पाठवून दे!" दादा म्हणाला.

आई गुडघे शेकायला रोज हाच पाला उकळते. सुजलेल्या गुडघ्यांवर हात ठेवत तिनं नातीला विचारलं, "तिकडच्या बायायचेबी गुडघे दुखते काय वं?"

आणि आई हसली. फार दिवसांनी.

भाचीनं निर्गुडीच्या दोन फांद्या दुधाच्या पिशव्यांत लावल्यात. जगतील, असं मला वाटतं. पण वाढायला वेळ लागेल.

दादा, तू हे वाचशीलच. तुझी भीती खरी आहे आणि तू नाहीच म्हणशील, तरी मागते. उद्या ती एक निर्गुडी ठेवशील?