रिंगणीचं पिवळं द्रव्य

आमच्या गावात कॉलेज निघालं तेव्हा महाराष्ट्र राज्यही नवंच होतं, आणि दोघांनाही मोठं व्हायची घाई झाली होती. सरकीचं जुनं गोदाम झाडून घेतलं, दोन टेबलं टाकली, की झाली प्रयोगशाळा. तिथे मी रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, तोही तात्पुरता. जूनमध्ये मला पक्कं करायचं की घरी पाठवायचं, हे विभागप्रमुख सरांच्या शब्दावर होतं. घरात कमावता मी एकटाच. त्यामुळे सर हसले की मी हसायचो, आणि त्यांना ठसका लागला की पाणीही मीच आणायचो.

सर पुण्याकडचे. वऱ्हाडी कानावर पडली की त्यांचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा व्हायचा. त्यांना डॉक्टरेट हवी होती आणि त्यासाठी त्यांनी भुईरिंगणी निवडली होती. मोताळ्याच्या वाटेवर बांधाबांधाला पसरलेली ही काटेरी वनस्पती. खोकला झाला की आमच्याकडे घरोघरी तिच्या मुळांचा काढा. त्या मुळांतली द्रव्यं एकेक करून वेगळी काढायची आणि प्रत्येकाचा वर्ग ठरवायचा, असा सरांचा बेत होता. याला ते 'कूळ काढणं' म्हणत. माणसांचंही ते पहिल्या भेटीतच काढत.

मुळं मीच खणली. बोटं काट्यांनी सोलून निघाली. मुळं वाळली, पोतंभर झाली, पण कॉलेजातल्या खलात एका वेळी मूठभरच मावत. म्हणून चैत्रात आम्ही पोतं घेऊन गिरणीत गेलो. पिठाच्या जात्यात औषध घालायला गिरणीवाले चाचा तयार होईनात. तिखट-हळदीचं जातं वेगळं होतं, त्यात घाला म्हणाले.

आमच्याकडची रीत अशी की, त्या जात्यातून एकाची हळद निघाली आणि दुसऱ्याचं काही घालायचं असलं, की मध्ये पसाभर ज्वारी दळून जातं साफ करायचं. ते पीठ गाईपुढे जातं.

"साहेब, आत्ताच हयद काढली. जुवारी टाकू पसाभर?" चाचांनी विचारलं.

"एक दाणाही नको!" सर कडाडले. "माझ्या औषधात भेसळ चालणार नाही."

"मंग तं बरंच झालं, माही मेहनत वाचली," असं म्हणून चाचांनी पोतं ओतलं.

भुकटी आम्ही स्पिरिटमध्ये भिजवली, गाळली, स्पिरिट उडवलं. तळाशी राहिलेला काळपट लगदा पुन्हापुन्हा धुतला, तेव्हा कुठे चिमूटभर नारिंगी-पिवळे स्फटिक हाती लागले. सरांनी त्यावर कॉस्टिक सोड्याचा थेंब टाकला. लालभडक! सर खुर्चीवरून उठले. रिंगणीत असं द्रव्य आजवर कोणाला सापडलं नव्हतं. अल्कलीत लाल होतं म्हणजे क्विनोन या रंगद्रव्यांच्या कुळातलं, असा निकाल त्यांनी उभ्याउभ्याच दिला. संध्याकाळी स्टाफरूममध्ये भजी आली. "तुमची जागा पक्की समजा," सर म्हणाले आणि मला खरंच गहिवरून आलं.

रविवारी मी माझा प्रयोगशाळेतला कोट धुवायला काढला. बाहीवर द्रव्याचे पिवळे डाग होते. साबण लावला आणि डाग लालभडक झाले. वऱ्हाडात जन्मलेल्या कोणालाही विचारा, जेवताना सदऱ्यावर वरण सांडलं आणि त्याला साबण लागला की काय होतं. लग्नाच्या हळदीचे कपडे धुताना काय होतं. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण परीक्षानळीत तेच घडलं तेव्हा मी सरांबरोबर भजी खात होतो. शिक्षणानं माणूस शहाणा होतो म्हणतात; माझी शिकवणी बहुतेक उलटीकडून चालू होती. कोट उन्हात टाकला. दुपारपर्यंत डाग उडून गेले, हळदीचे उडतात तसेच.

मग पोत्यात न मावलेली, मागे उरलेली मुळं मी खलातच कुटली. हाताला फोड आले. तसाच अर्क काढला. पिवळं नाही, लाल नाही, काही नाही. दोन्ही अर्क सरांसमोर ठेवले आणि गिरणीची आठवण करून दिली. सरांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. त्यांना कळलं होतं. कान लाल झाले होते. मग घसा साफ करून म्हणाले, "द्रव्य नाजूक आहे. खलात कुटताना नष्ट होतं. गिरणीचीच पद्धत शास्त्रीय."

"सर, मग एकदा ज्वारी टाकून दळून पाहू?"

त्यांनी माझी बाटली उचलली, मोरीत ओतली आणि ती स्वतःच्या हातानं विसळून पालथी घातली. इतक्या दिवसांत सरांनी धुतलेली ती पहिली बाटली. "जून जवळ आलाय," ते शांतपणे म्हणाले. "आता सांगा, हे द्रव्य काय आहे?"

मला घर आठवलं, किराणा आठवला. भीती वाटलीच. पण फोड आलेल्या हातांनी काढलेला अर्क मोरीतून जाताना पाहिला होता, त्याचा राग भीतीपेक्षा मोठा निघाला.

"हळद आहे, सर."

जूनमध्ये माझ्या टेबलाशी दुसरा उभा होता. मी वडनेरच्या शाळेत लागलो, निम्म्या पगारावर. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी तर 'तोंड आवरलं असतं तं काय बिघडलं असतं' हेच ऐकलं. परीक्षक बाहेरून आले, त्यांनी लाल रंग पाहिला. गिरणी पाहायला कोण जातो? सर डॉक्टर झाले.

पुढे एकदा सर शेगावला दर्शनाला निघाले होते, ते वाट वाकडी करून माझ्याकडे आले. हातात पेढ्यांचा पुडा. "तेव्हा जरा ऐकलं असतं," पाठीवर हात ठेवून ते मायेनं म्हणाले, "तर आज माझ्या जागी तुम्ही असता."

मी पेढा खाल्ला. चांगला होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.