फौजदाराची मध्यस्थी

माया बंडगर नेमकं काय काम करते हे बंडगरवस्तीवर आजपर्यंत कुणाला धड सांगता आलेलं नाही, आणि त्यात वस्तीचा काडीचाही दोष नाही. "संघर्षग्रस्त भागातली सामाजिक विकास सल्लागार" असं ज्या कामाचं नाव, ते कुणाच्या टाळक्यात शिरणार? जत तालुक्याच्या पार पूर्वेला, बोलता बोलता कानडी कधी सुरू झाली ते कळत नाही, अशा माळावर ही वस्ती. नाथाजी मेंढक्यानं एकदा मायाला वाटेत धरलंच.

"माये, सल्ला द्यायचा पगार मिळतुया व्हय तुला? आगं, आमी जन्मभर दिला की सल्ला. कुणी च्या बी पाजला न्हाई!"

मायानं बिचारीनं समजावून सांगितलं. जिथं लढाया झाल्यात तिथं संस्था विहिरी, शाळा, दवाखाने बांधायला जातात. एकाच्या हद्दीत विहीर खोदली की दुसरा बंदूक काढतो. म्हणून आधी तिथं जाऊन माणसांत बसायचं, कोण कुणाशी बोलत नाही, का बोलत नाही, आपल्या विहिरीनं भांडण मिटेल का पेटेल, ते शोधून सांगायचं.

नाथाजीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी चहाड्या ऐकायला जातीस," म्हणाला, आणि मेंढरं हाकत निघून गेला.

पण कामात पोरगी वाघीण होती, खोटं कशाला बोला? दक्षिण सुदानात गुरांवरून एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन टोळ्यांना तिनं एका झाडाखाली आणलं होतं. मोठमोठे साहेब नकाशे घेऊन यायचे आणि परत जायचे. ही धनगराची लेक पहिल्यांदा गाईंची चौकशी करायची, कोणती व्याली, कोणती लंगडते, आणि मग म्हातारे आपणहून हिच्याशी बोलायला लागायचे. नव्यानं कामाला लागलेल्या पोरापोरींना ती एकच गोष्ट दहा वेळा बजावायची: तिथं आधीपासून काय चाललंय ते नीट बघितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.

सोन्यासारखा नियम! तो ती स्वतःच्या अंगणात सपशेल विसरली, आणि ते कसं ते आता ऐका.

दिवाळी उरकून बिरोबाच्या यात्रेला माया सुट्टी काढून घरी आली. अंगण एक, दारं दोन. एका दारात तिची आई रंगुबाई, समोरच्या दारात चुलती भामाबाई. दोघींचे नवरे देवाघरी गेलेले. भामाबाईचा मुलगा जोतीराम कुपवाडला कारखान्यात, माया जगाच्या टोकाला. म्हणजे अख्ख्या अंगणात दोन म्हाताऱ्या जावा, आणि मधल्या लिंबाला बांधलेला फौजदार. फौजदार म्हणजे मेंढा. माडग्याळी जातीचा, पोपटासारखं नाक, ताठ मान, कुणालाही न जुमानणारा. दोघींच्या मालकीचा.

आणि या दोन जावा वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण अख्ख्या वस्तीला माहीत होतं. गेल्या वर्षी माया होती तिथं गोळीबार झाला, फोन बंद पडले, आणि काही दिवस पोरगी आहे का गेली, काही कळेना. रंगुबाईनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. भाकरी थापायची, मेंढरं बघायची, गप बसायची. भामाबाईला ते कळलं डेअरीत दूध घालायला गेली तेव्हा, वस्तीवरच्याच हंबीररावाच्या बायकोकडून; संस्थेचा निरोप त्यांच्याच फोनवर आला होता. तिच्या हातातली किटलीच पडली. अहो, रंगुबाई आणि तिचा नवरा कळप घेऊन सहा-सहा महिने पश्चिमेला जायचे तेव्हा शाळेसाठी माया राहायची कुणाकडं? भामाबाईकडं. वेण्या कुणी घातल्या? भामाबाईनं. पुढं साताऱ्याला कॉलेजला गेली तेव्हा एसटी दिसेनाशी होईतो फाट्यावर कोण उभं होतं? तीच. "आन मला भाईरनं कळावं?" एवढंच ती म्हणाली, आणि जावेशी बोलणं बंद.

बंद म्हणजे कसं? जीभ कुठं गप बसते! मायानं पहिल्याच सकाळी ते बघितलं. रंगुबाई दारात आली, फौजदाराकडं तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "फौजदारा, मीठ संपलंय म्हणावं."

समोरच्या दारातून भामाबाई, तीही फौजदारालाच, "फौजदारा, वाटी उंबऱ्यावर ठेवलीया म्हणावं. आन परत देताना धुऊन दे. मागल्या खेपंला पिठाची दिली हुती."

"फौजदारा, पिठाची न्हवती. रांगोळीची हुती."

"फौजदारा, रांगोळी काय लोक मिठात खात्यात व्हय?"

फौजदार रवंथ करत होता. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि कुणाचीही बाजू घेतली नाही.

मायाला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. सुट्टी संपली की ती परत जाणार. मग या अंगणात आईला बोलायला कोण? मेंढा? आणि त्यात यात्रा तोंडावर. बिरोबाचा मानाचा निवद बंडगरांच्या याच अंगणातून जायचा. एका जावेनं पुरण वाटायचं, दुसरीनं पोळ्या लाटायच्या, आणि दुरडी दोघींनी धरून देवळात न्यायची. सासूनं या दोघींच्या हाती सोपवलेला तो मान. निवदाची चूल एक नसली तर निवद दुसऱ्या घरचा. हंबीरराव तर टपूनच होते. पंचांना सांगून ठेवलं होतं त्यांनी, "आपल्याकडं दोन गॅस हायत. नुस्तं आवाज द्या."

तर निवदाची चूल एकच ठेवायची, असं मायानं मनाशी धरलं. इथवर तिचं बरोबर होतं. पुढं तिची बुद्धी कामावर गेली, म्हणजे त्या कामावर.

तिनं लिंबाला मोठा कागद टांगला. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. रंगीत पेनं काढली. एक गोल आईचा, एक काकीचा, आणि मधे बाण.

"ह्यो बाण कशाचा गं?" भामाबाईनं विचारलं.

"काकी, तो संवाद. तुझ्याकडून आईकडं."

"फौजदारा," भामाबाई म्हणाली, "बाण तिकडनं हिकडं पायजे म्हणावं. चूक तिकडची हाय."

"फौजदारा," रंगुबाई म्हणाली, "पोरीनं कागद लय चांगला आणलाय. पापड वाळवायला हुईल."

खुर्च्यांवर दोघी बसल्या नाहीत. फौजदारानं मात्र कागदाचा खालचा कोपरा खाल्ला, बाणासकट.

तेव्हा मायाच्या डोक्यात उजेड पडला, आणि कसला उजेड तो! खरी अडचण हा मेंढाच आहे, असं तिला वाटलं. मधला माणूस आहे म्हणून समोरासमोर बोलायची गरजच पडत नाही. मधला काढला की दोघींना तोंडाला तोंड द्यावं लागेल. दुसऱ्या दिवशी फाट्यापलीकडं बसलेला नाथाजीचा कळप पश्चिमेला निघायचा होता, पाटणच्या डोंगराकडं. जोतीराम यात्रेला आलेलाच होता. मायानं त्याला पटवलं, आणि दोन्ही म्हाताऱ्या देवळात गेल्याचं बघून फौजदाराला मोटरसायकलवर घातलं. पुढं जोतीराम, मागं माया, मधे फौजदार, दोन्हीकडं पाय टाकून, मान वर करून. फाट्यावरच्या पोलिसानं हात वर केला, तिघांकडं बघितलं, फौजदाराकडं जरा जास्तच बघितलं, आणि हात खाली घेतला. मेंढा नाथाजीच्या कळपात पोचला.

"तुज्या आयला इचारलंस का?" नाथाजी म्हणाला.

"ते माझं काम आहे, आबा," माया म्हणाली. शाबास! सल्लागार!

मेंढा कळपाबरोबर चरायला धाडलाय, असं मायानं दोघींना सांगितलं, आणि त्या दिवसापासून अंगणात जी शांतता पडली, देवा रे देवा! रंगुबाई दारात यायची, रिकाम्या दाव्याकडं बघायची, आत जायची. भामाबाई उंबऱ्यावर यायची, तोंड उघडायची, मिटायची. कुणाला सांगणार? मेंढा होता तोवर मीठ मिळत होतं, वाटीवरून तोंडसुख मिळत होतं, आज कंबर दुखते हेही दुसऱ्या दारात कळत होतं. आता आमटी अळणी. भामाबाईची सून कुपवाडहून फोनवर फोन करत होती आणि भामाबाईचा फोन रंगुबाईच्या कट्ट्यावर विसरलेला, पण रंगुबाई सांगणार कुणाला? तो बापडा वाजून वाजून थकला.

मग मायाच्या ध्यानात आलं. वर्षभर या दोघी भांडत नव्हत्याच. त्या रोज बोलत होत्या, सकाळ-संध्याकाळ, न चुकता, आणि तो एकुलता एक रस्ता आपण कळपाबरोबर पाटणच्या वाटेला धाडून दिला. दक्षिण सुदानात तिच्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला पहिल्या विमानानं घरी पाठवलं असतं. पण इथं ती घरीच होती, पाठवणार कुठं!

निवदाच्याच दिवशी सकाळी हंबीरराव टोपी सारखी करत हजर झाले. "वयनी, डाळ आमच्या घरात भिजत घालू का? पंच दुपारी इचारत्यात." रंगुबाईनं रिकाम्या दाव्याकडं बघितलं, भामाबाईनंही तिकडंच. माया म्हणाली, "दुपारपर्यंत थांबा, काका," आणि लिंबामागं जाऊन नाथाजीला फोन लावला.

"आबा, फौजदार पाहिजे."

"पाटणच्या वाटंवर डोंगरात हाय मी. मेंडा काय उडत यील?"

"उडत नको. व्हिडिओ कॉल करा."

नाथाजीनं शिव्या घातल्या, पण माणूस मनाचा मोठा. रेंजसाठी तो एका कातळावर चढला, फौजदाराला मानेला धरून वर ओढला. मायानं आपला मोबाईल लिंबाच्या बुंध्याला, रिकाम्या दाव्याजवळ टेकवून ठेवला. पडद्यावर पहिल्यांदा एक नाकपुडी आली. मग एक डोळा.

दोन्ही दारांतून दोन म्हाताऱ्या धावत आल्या.

"आगं बया, वाळला की गं!" भामाबाई. "फौजदारा, खातोस का न्हाई?"

"फौजदारा," रंगुबाई पुढं सरकत म्हणाली, "वाळंल न्हाई तर काय करंल म्हणावं. परक्यात पडलाय."

"फौजदारा, परक्यात पडल्यावर कसं वाटतं ते मला इचार म्हणावं!" भामाबाई पडद्यावर वाकली, आणि वर्षभर आवरलेलं सगळं त्या नाकपुडीला सांगायला लागली. "मी त्या पोरीला दोन भाकरीतली एक दिलीया. तिला ताप आला तर मी जागलीया. आन ती गोळीबारात हाय का न्हाई, ते मला दूध घालताना कळावं? आरं, मी किटली टाकून पळत आले, तर ही बाई भाकरी थापत हुती. माज्याकडं बगितलं बी न्हाई. सांग तिला फौजदारा, मी काय मेले हुते? सांग की! ती..."

आणि रेंज गेली. पडद्यावर फौजदार तोंड अर्धं उघडून जागच्या जागी थिजला.

माया मोबाईल हलवायला लागली. वर धरला, खाली धरला, कट्ट्यावर चढली. फौजदार थिजलेलाच. रंगुबाईच्या तोंडात उत्तर येऊन अडकलं होतं. तिनं फौजदाराकडं बघितलं, मायाकडं बघितलं, आणि मग सरळ समोर.

"भामे," ती म्हणाली. "तोंडातनं शबूद काडला आसता तर ते खरं झालं आसतं गं. माजी पोरगी न्हाई ऱ्हायली, आसं मला म्हणावं लागलं आसतं. तुला बगितलं आसतं तर मी रडले आसते. म्हणून बगितलं न्हाई. हात थांबवलं आसतं तर मी पडलेच आसते."

माया कट्ट्यावर मोबाईल उंच धरून उभी होती. तो गोळीबार ती कामाच्या ठिकाणी हसत हसत सांगायची, चहा पिता पिता. वाळूच्या पोत्यांमागं बसून काढलेले ते दिवस तिच्या लेखी संपले होते. ते इथं, या अंगणात, अजून चालूच होते, हे तिला आत्ता कळलं आणि तिनं मोबाईल खाली घेतला.

भामाबाईनं नाक ओढलं. मग म्हणाली, "बोलाय कुणी सांगितलं हुतं तुला? नुस्तं जवळ बसू द्यायचं हुतंस. मी बी थापल्या आसत्या भाकरी."

तेवढ्यात मोबाईल वाजला. पडद्यावर नाथाजी, घामाघूम, फौजदार काखेत. "आली रेंज! बोला वयनी, कुटं ऱ्हायलं हुतं? मेंडा हुबा हाय!"

"ठेव रं फोन!" दोघी एकदम ओरडल्या. "आमी बोलतुया न्हवं!"

हंबीरराव दुपारी आले तेव्हा चुलीवर डाळ रटरटत होती आणि वेलदोड्यावरून कडाक्याचं भांडण चाललं होतं, तोंडाला तोंड देऊन. ते गुपचूप परत फिरले. भामाबाईनं पाटा पुढं ओढला, रंगुबाईनं कणीक तिंबायला घेतली, आणि मग दोघींचं लक्ष एकदमच मायाकडं गेलं. ती कोपऱ्यात डोळे पुसत बसली होती.

"रडतीस काय? लाकडं आण!" आई म्हणाली.

माया उठली. दारापर्यंत गेली तशी काकीनं हाक मारली.

"आन ऐक गं. परत तिकडं गोळ्या सुटल्या, तर फोन दोघींस्नी करायचा. आदी मला कर, मग मी हिच्याजवळ जाऊन बसते. मग हिला कर."