डोमाजीच्या कमरेइतकं पाणी

आमच्या नहरीचं, म्हणजे कालव्याचं, पाणी बंद झालं की तळाशी काय काय निघतं! एक कढई, दोन हेल्मेट, कुणाची तरी दातांची कवळी. दरवर्षी वाटतं, आता संपलं असेल. कुठलं! पुढच्या वर्षी पुन्हा ढीग. आमच्या पुलियावरच्या किश्शांचंही तसंच आहे.

पुलिया म्हणजे हुडको कॉलनीच्या मागे नहरीवर असलेला लहानसा पूल. त्याच्या कठड्यावर आम्ही तीन रिटायर म्हातारे रोज सकाळी बसतो. शेंडे मास्तर, पिढ्यान्‌पिढ्या दुर्गचे, शिकलेले. डोमाजी, मूळ भंडाऱ्याकडचा, पोलादाच्या प्लांटात तीस वर्षं क्रेन चालवलेला. आणि मी, सहावी नापास. त्यामुळे नहरीचा इतिहास-भूगोल लोकांना शिकवायचं काम माझ्याकडेच आहे!

यंदा आवई उठली की नहरीवर स्लॅब टाकणार, वर दुकानं काढणार. म्हणजे पुलिया गेली. मास्तर म्हणाले, "आपण बागेत बसू." डोमाजी कठड्यावरून हात फिरवत राहिला. बायको गेल्यापासून त्याच्या घरी बोलायला फक्त पंखा आहे.

*

आधी भूगोल.

डोमाजीचं ठाम मत, पाणी प्लांटातून निघतं आणि गावाकडे जातं.

"अहो डोमाजी," मास्तर समजावत होते, "पाणी धरणातून येतं आणि प्लांटाकडे जातं. मशिनी थंड करायला."

"सारी दुनिया प्लांटातूनच निघते, मास्तर! रूळ निघते, मंग पाणी कावून नाही निघन?"

त्या दिवशी पाणी इतकं संथ होतं की दिशाच कळेना. मी म्हटलं, "भांडून कायले राहिले? काही टाकून पाहा ना!"

डोमाजीनं तावातावानं पायातली चप्पल काढली आणि फेकली. चप्पल हळूहळू वळली आणि निघाली सरळ प्लांटाकडे!

"घे बे," मी म्हटलं, "तू रिटायर झाला, तुही चप्पल ड्यूटीवर चालली!"

*

आता इतिहास. नहर कोणी खोदली?

डोमाजी म्हणतो, माझ्या आज्यानं. मास्तर म्हणतात, आमच्या आजोबांच्या देखरेखीखाली. दूधवाला म्हणतो, हमारे बबा ने. समोरचा टेलर परवाच इथं राहायला आला, पण त्याच्याही आजोबांनी दोन फावडी मारली आहेत.

मी हिशेब केला. एवढ्या आजोबांनी खोदली असती, तर नहर नाही, समुद्र झाला असता!

*

डोमाजीची बायको होती तेव्हाची गोष्ट. कोजागिरीला गल्लीतल्या पोरींची भुलाबाई शिरवायची होती. बाकीचे लोक मूर्ती हातात धरून पाण्यात सोडतात. पण हा क्रेनवाला ना!

"हातानं कायले? लोड हाय, कायद्यानं उतरवू."

मूर्तीला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं आणि पुलियावरून खाली सोडायला लागला. सिग्नल द्यायला मी. प्लांटात सिग्नलवाल्याचा हात खाली म्हणजे लोड खाली, मूठ म्हणजे थांब. नजर लोडवर नाही, हातावर!

मी हात खालीच ठेवला. भुलाबाई पाण्याला लागली, तरी खालीच. प्रवाहानं तिला ओढलं, तरी खालीच. सिग्नल तोडील तो डोमाजी कसला! गेला तोही तिच्यामागे, धप्पकन!

पोरी टाळ्या वाजवून राहिल्या. हा छातीभर पाण्यात उभा.

"मूठ कावून नाही केली बे?"

"तुले आंग धुवाचं होतं ना?"

त्याची बायको एवढी हसली, एवढी हसली की पदर तोंडात कोंबून खालीच बसली. तो बाहेर येईना. तिचं हसणं थांबेपर्यंत तसाच उभा राहिला.

*

पुढे नहरीचं पाणी बंद झालं, तसं मी डोमाजीला तळाशी उतरवून भिंतीला पाठ लावून उभा केला आणि उरलेल्या पिवळ्या पेंटनं खुणा करून बाजूला नावं लिहिली. टोंगळा, म्हणजे गुडघा. कंबर. छाती.

झालं, गल्लीचं गेज तयार! बाया विचारायच्या, "भाऊजी, पाणी किती हाय आज?"

"डोमाजीचा टोंगळा."

"मंग गोधड्या धुवाले घेऊन येतो!"

*

तर यंदा नहर कोरडी असताना सर्वेवाला साहेब आला. पोरगेलासा, हातात फॉर्म. पाणी येत असल्याचा पुरावा नसेल, तर नहर 'बंद' लिहिणार आणि स्लॅब पडणार. डोमाजीनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

साहेबाला पिवळ्या खुणा दिसल्या. "ये क्या है?"

"गेज है, साहब," मी म्हटलं. "पुराना."

त्यानं खाली उतरून पाहिलं. पाण्याचा हिरवा डाग बरोबर कंबरेच्या रेघेवर! साहेब खूश. मग थबकला. "कंबर? मतलब किसकी?"

आम्ही दोघांनी डोमाजीकडे बोट केलं.

"गेज चेक करना पड़ेगा."

सत्तरीचा डोमाजी पुन्हा नहरीत उतरला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. साहेबानं टेप लावला. कंबर रेघेच्या दोन बोटं खाली! छाती चार बोटं!

"गेज तो गलत है!" साहेबानं पेन उचललं. डोमाजीचा चेहरा पडला. टाचा वर करू पाहत होता बिचारा.

तेव्हा आयुष्यात कधी थट्टा न केलेले मास्तर शांतपणे म्हणाले, "गेज सही है, साहब. अंकल घिस गए हैं."

साहेबानं डोमाजीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं.

पंधरा दिवसांनी मास्तरांना त्याचा फोन आला. नहर 'चालू' लिहिली, स्लॅब थांबला. पण पुढच्या वर्षी पुन्हा चेकिंग. "अंकल को बोलिए, तब तक और ना घिसें!"

दुसऱ्या दिवशी पुलियावर गेलो, तर डोमाजी जुनं हेल्मेट घालून, विजेच्या खांबाला पाठ लावून ताठ उभा!

"बस ना बे, पाय दुखतीन."

"चूप बस," तो म्हणाला. "ड्यूटीवर हाओ मी."